मागच्या सीटवरचा आवाज

फोन मी उचलला म्हणून पुढचं सगळं घडलं. ह्यांनी उचलला असता तर "राँग नंबर" म्हणून ठेवून दिला असता आणि जन्मात मला कळू दिलं नसतं.

"भामरेसाहेबांचं घर ना? मी अपर्णा बोलतेय, पर्वत पाटियाहून. विंग कमांडर पंडितांची मुलगी."

पंडित! नाव कानावर पडलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ह्या माणसाला मी कधी पाहिलेलं नाही. पण लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, तेवढ्या वर्षांत मी त्याला मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्यात की उचक्या लागून हा अजून जिवंत कसा, ह्याचंच मला नवल वाटलं. आणि जिवंत तर जिवंत, ह्याच सुरतेत! आम्ही उधन्यात आणि हा रिक्षाने अर्ध्या तासावर.

ती बाई बिचारी हळू आवाजात बोलत होती. आई गेल्यापासून बाबा माझ्याकडेच असतात, म्हणाली. आता शहाऐंशी वर्षांचे आहेत, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलंय. दिवसभर एकच इंग्रजी वाक्य बोलतात, "यू हॅव कंट्रोल." बोलतात आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघत बसतात. आम्ही "हो बाबा" म्हटलं की चिडतात. मग भामरे, भामरे करतात. बाबांच्या एका जुन्या सोबत्याने सांगितलं की भामरे नावाचा त्यांचा एक विद्यार्थी पुढे बँकेत लागून सुरतेला गेला. बँकेच्या पेन्शनर मंडळींकडून नंबर मिळाला.

"एकदा येऊन जातील का हो ते? फार दिवस नाहीत आता."

"विचारून सांगते," म्हटलं आणि फोन ठेवला. ठेवला म्हणजे आपटलाच.

आमचे हे, विजय भामरे, शिरपूरच्या प्राथमिक शिक्षकाचा मुलगा. बाविसाव्या वर्षी हवाई दलात पायलट व्हायला निवडले गेले. तालुक्यातला पहिलाच पोरगा. सासरे शाळेत पेढे वाटत फिरले होते म्हणे. ज्या तळावर हे शिकायला गेले त्या गावाचं नाव आमच्या घरात निघत नाही, मीही इथे घेत नाही. पण त्या विमानाचं नाव मला पाठ आहे, एचटी-टू. आपल्याच देशात बनलेलं, एका पंख्याचं, शिकाऊ पोरांसाठीचं विमान. पुढे शिकणारा बसायचा, त्याच्या मागे शिकवणारा. दोघांपुढे एकेक दांडा, आणि दोन्ही दांडे आतून जोडलेले. एकाने हलवला की दुसऱ्याचाही हलायचा.

हे सगळं मी शिकले ते गच्चीवर. लग्न होऊन नवीनच उधन्यात आलो तेव्हा वीज गेली की आजूबाजूचे कापड विणायचे सगळे लूम बंद पडायचे आणि अशी शांतता व्हायची की बोलल्याशिवाय राहवायचं नाही. एरवी हा माणूस मुका. पण तेवढ्या वेळात बोलायचा. जमिनीवर असताना ते विमान नाक वर करून, शेपूट टेकून बसायचं. त्यामुळे समोरचं काही म्हणजे काही दिसायचं नाही, म्हणून जरा डावीकडे, जरा उजवीकडे असं वाकडं-तिकडं चालवत न्यावं लागायचं. इंजिन तापलं की तेलाचा वास यायचा, तो कपड्यांतून धुऊनही जायचा नाही. पहिल्यांदा एकटे उडाले त्या दिवशी मागची सीट रिकामी, तर विमान हलकं होऊन टुणकन वरच गेलं. "वर गेल्यावर काय केलं?" मी विचारलं. "गाणं म्हटलं," म्हणाले. "कोणतं?" तर लाजले. अजूनही सांगितलेलं नाही.

आणि तो दिवस. तो त्यांनी एकदाच सांगितला, पण मी काही विसरणारी नाही.

त्या दिवशी उतरण्याचा सराव होता. पुढे हे, मागे पंडित. आता त्या लोकांची एक रीत असते. विमान एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात द्यायचं तर मोठ्याने सांगायचं, "यू हॅव कंट्रोल," म्हणजे आता तू चालव. दुसऱ्याने तितक्याच मोठ्याने म्हणायचं, "आय हॅव कंट्रोल." हे उत्तर कानावर पडेपर्यंत पहिल्याने दांडा सोडायचा नाही. लेकरू हातात देताना बायका करतात तसंच की हो, ह्यात मोठं शास्त्र कसलं! त्या दिवशी खाली येताना विमान जरा उंच राहिलं, म्हणून पंडितांनी ते आपल्याकडे घेतलं. ह्यांनी हात मोकळे केले. पुढे पंडित म्हणतात, मी ते परत दिलं. हे म्हणतात, मला ऐकू आलं नाही. झालं. पुढच्याला वाटतंय मागचा चालवतोय, मागच्याला वाटतंय पुढचा. विमान कोणीच चालवत नव्हतं.

"आणि मंगल, इतकं सुंदर चाललं होतं ते," हे म्हणाले होते. "जरा हलत नव्हतं. मी मनात म्हणत होतो, सर काय झकास आणतायत! नंतर कळलं, मागे सरही तेच म्हणत होते, पोरगं आज काय झकास आणतंय."

जमीन आली तेव्हा नाक वर घ्यायला दोघांपैकी कोणीच दांडा ओढला नाही. विमान आपटलं, एक चाक मोडलं, गरकन फिरून एका पंखावर कलंडलं. जीव वाचले. ह्यांची हनुवटी फाटली, ती खूण अजून आहे. चौकशी बसली. पंडितांनी सांगितलं, मी बोललो होतो. ह्यांना विचारलं, तू ऐकलंस का? आता सरळ "नाही" म्हणायचं ना! मी असते तर टेबलावर हात आपटून म्हटलं असतं. हे काय म्हणाले? "नक्की सांगता येत नाही, सर. इंजिनाचा आवाज होता." बोलणाऱ्याची बोरं विकतात म्हणतात ते काय खोटं? पंडित नोकरीत राहिले, वर चढले. हे ट्रंक घेऊन एसटीने शिरपूरला परत आले. सासरे ह्यांच्याशी वर्षभर बोलले नाहीत. गावाने मात्र सासऱ्यांना "पायलट" म्हणून हाक मारणं मरेपर्यंत सोडलं नाही, आणि ती हाक कौतुकाची नव्हती.

नंतर हा माणूस विमानात चढलेला नाही. हर्षल, आमचा मुलगा, मेलबर्नला असतो. नात झाली तेव्हा त्याने दोघांची तिकिटं पाठवली. मी एकटी गेले. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसले, पट्टा कसा लावायचा ते शेजारच्या परक्या पोरीने दाखवलं, आणि पायलट नवरा घरी उधन्यात खिचडी खात बसला होता! केतकी आता नऊ वर्षांची आहे. आजोबांना तिने फोनच्या काचेतच पाहिलंय. हर्षल हल्ली आग्रह करत नाही. मला त्याचंच जास्त लागतं.

आणखी एक खोड. आमच्या घरात कुठलीही वस्तू हातात देताना हे "घेतलं?" विचारतात आणि समोरचा "घेतलं" म्हणेपर्यंत सोडत नाहीत. चहाचा कप असो, किल्ली असो. हर्षल तान्हा असताना मी अर्ध्या झोपेत "घेतला, घेतला हो" म्हणून खेकसायची, तेव्हा कुठे तो माझ्या हातात यायचा. पोरगा मोठा झाल्यावर चिडवायचा, "पप्पा, मीठ घेतलं! ओव्हर!" मी समजत होते, बँकेची सवय असेल, रोकड मोजून द्यायची.

तर फोनचं मी सांगितलं. वाटलं, "नको" म्हणतील. हे उठले, दाढी केली, पांढरा शर्ट स्वतः इस्त्री केला आणि बूट पुसायला बसले.

"कुठे निघालात? त्याच्याकडे?"

"सर आहेत ते."

"सर! त्या सराने तुमच्या जन्माचं मातेरं केलं."

"मंगल, हळू. शेजारी ऐकतील."

"ऐकू देत. मीपण येणार. आणि मी गप्प बसणार नाही, आत्ताच सांगून ठेवते."

रिक्षात मी ह्यांना बजावत होते. तोंडावर सांगा त्याला. म्हणावं, तुम्ही बोलला नव्हतात. एवढं एकच वाक्य. मरताना तरी ऐकू दे त्याला. पर्वत पाटियाच्या चौकात साड्यांच्या गठ्ठ्यांनी भरलेला एक टेम्पो आडवा उभा होता, सगळे हॉर्न मारत होते, आणि हे बाहेर बघत बसले होते. रिक्षावालाच आरशातून माझ्याकडे बघून म्हणाला, "मासी, पाणी पीशो?" म्हणजे मी किती तापले असेन बघा.

अपर्णाने दार उघडलं. पन्नाशीची, कॉलेजात शिकवते, डोळ्यांखाली जागरणाची वर्तुळं. आतल्या खोलीत पलंगावर म्हातारा. मी कसलं तरी दांडगं, मिशाळ धूड डोळ्यांपुढे धरलं होतं. होती ती नुसती हाडं, वर चादर. डावा हात पलंगाच्या कठड्यावर घट्ट. उजव्या हातात तोटीचा पाण्याचा पेला.

"द्या बाबा," अपर्णा म्हणाली. पेल्याला हात लावला आणि अगदी मोठ्याने, खणखणीत म्हणाली, "घेतलं!"

तेव्हा त्याने पेला सोडला.

मी जागच्या जागी उभी राहिले. ह्यांनीही ते ऐकलं. ह्यांच्याकडे बघायची मला भीतीच वाटली, म्हणून मी अपर्णाच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले.

"हे काय होतं गं? घेतलं म्हणालीस ते?"

"ते होय! बाबांची फार जुनी खोड आहे, काकू," ती थकल्यासारखी हसली. "कोणी मोठ्याने घेतलं म्हटल्याशिवाय हातातली वस्तू सोडत नाहीत. आई म्हणायची, आधी असे नव्हते, त्या शिकवायच्या पोस्टिंगवरून आले ते असेच आले. माझ्या लग्नात कन्यादानाला माझा हातच सोडेनात. भटजी मंत्र म्हणून थकले. शेवटी आईने माझ्या नवऱ्याच्या कानात सांगितलं, अहो जावईबापू, 'घेतला' म्हणा!"

एरवी मी पोट धरून हसले असते. तिथे ओट्याला धरून उभी राहिले. मी इतकी वर्षं धरून चालले होते की तो माणूस तिकडे सुखाने घोरत पडला असेल. आमचं घर जळत होतं तर त्याचंही जळतच होतं. मला त्याची दया आली आणि दया आली म्हणून स्वतःचा राग आला.

आतून आवाज आला, "यू हॅव कंट्रोल."

आम्ही दोघी धावलो. हे पलंगाशी सावधानमध्ये ताठ उभे होते, हात पँटच्या शिवणीला. ह्यांना असं उभं राहता येतं हे मला ठाऊकच नव्हतं.

"बाबा, भामरे आलेत," अपर्णा त्यांच्या कानाशी म्हणाली. "तुमचे भामरे."

म्हाताऱ्याने बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "इकडे ये. हनुवटी दाखव."

हे वाकले. एका बोटाने त्याने खूण चाचपली. त्याचे डोळे एकदम स्वच्छ झाले. मी शाळेत पोरं शिकवण्यात जन्म काढलाय, ऐकतंय कोण आणि नुसतं बघतंय कोण हे मला कळतं. तो माणूस त्या घटकेला पूर्ण जागा होता.

"भामरे, मी बोललो होतो ना?"

हे तसेच वाकलेले.

"खाली येताना. तुला परत देताना. मी बोललो होतो ना रे? चौकशीत मी छातीवर हात ठेवून सांगितलं. तेव्हा खात्री होती. पुढे..." त्याला धाप लागली. अपर्णा पाणी पुढे करायला लागली तर त्याने मानेने नको म्हटलं. "रोज तिथे जातो मी. सगळं ऐकू येतं. इंजिन, वारा, तुझा श्वाससुद्धा. माझा आवाज ऐकू येत नाही. तू पुढे होतास. तूच सांग."

हीच ती घटका. चव्वेचाळीस वर्षं मी हिच्यासाठी थांबले होते. समोरचा स्वतःच्या तोंडाने विचारत होता! नुसतं "नाही सर" म्हटलं की झालं. माझ्या नवऱ्याचा दोष नव्हता, हे निदान एका माणसासमोर, ज्याच्यासमोर ठरायला हवं होतं त्याच्याचसमोर ठरलं असतं. मी मागून ह्यांचा शर्ट ओढला. ओढला आणि सोडलाच नाही.

"बोलला होतात, सर," हे म्हणाले.

"नक्की?"

"नक्की. स्पष्ट बोलला होतात. चूक माझी होती."

म्हाताऱ्याने डोळे मिटले. छाती वरखाली झाली. आणि मग काय म्हणावं त्याने? मिटल्या डोळ्यांनी, पुटपुटत, "मग उत्तर का दिलं नाहीस, गाढवा?"

"चुकलं, सर."

माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. खरंच आलं होतं, अगदी ओठांवर. पण अपर्णा माझ्यासमोर घळाघळा रडत होती, तिने माझा हात धरला होता, आणि तो हात झटकायचं बळ माझ्यात नव्हतं.

"यू हॅव कंट्रोल," म्हातारा म्हणाला.

"आय हॅव कंट्रोल, सर."

खोलीत घुमलं, एवढ्या मोठ्याने. आमच्या ह्यांना एवढा आवाज आहे! कठड्यावरची बोटं सैल पडली आणि हात चादरीवर आला. झोप लागली होती. अपर्णाने श्वास चालू आहे ना ते दोनदा बघितलं. कित्येक दिवसांत असे झोपले नव्हते, म्हणाली. चहा घेऊन जा म्हणत होती. मी नको म्हटलं. मला त्या घरात आणखी एक क्षण थांबवत नव्हतं.

लिफ्टमध्ये एक गुजराती कुटुंब होतं म्हणून मी दात आवळून उभी राहिले. रस्त्यावर आल्या आल्या सुटले.

"खोटं का बोललात? माझ्यासमोर, माझ्या तोंडावर! गाढव म्हणाला तो तुम्हाला, आणि तुम्ही चुकलं सर? पन्नास वर्षं ज्याच्यापायी झुरलात, ते असं देऊन टाकलंत? आता तर त्याच्या मुलीच्या लेखीही तुम्हीच दोषी!"

"खोटं कशाला?" हे म्हणाले. "माले माहीत नही व, मंगल."

हे घरात माझ्याशी कधी अहिराणी बोलत नाहीत. ती त्यांची आईजवळची भाषा. सासूबाई गेल्यावर ह्यांच्या तोंडून मी ती ऐकलीच नव्हती.

"माहीत नाही म्हणजे?"

"ते बोलले की नाही, मला खरंच माहीत नाही. तेव्हाही नव्हतं. बोलले असतील. मी त्या उतरण्याकडे बघत बसलो होतो, इतकं सुंदर चाललं होतं. माझं लक्ष नसेल. किंवा बोललेच नसतील. रोज मीही जातो तिथे. मलाही ऐकू येत नाही."

"मग नक्की कसं म्हणालात?"

"त्यांना थोडे दिवस आहेत. मला अजून आहेत. मी बघेन माझं."

"काय बघाल? डोंबल? पन्नास वर्षं बघताच आहात की!"

साड्यांच्या दुकानाची पायरी होती, तिच्यावर त्या पांढऱ्या इस्त्रीच्या शर्टात बसले आणि रडायला लागले. मी त्यांना कधी रडताना पाहिलेलं नाही. सासरे गेले तेव्हा नाही, हर्षल परदेशी निघाला तेव्हा नाही. माणसं थांबून बघायला लागली. दुकानातला पोऱ्या पाण्याची बाटली घेऊन आला. "शुं थयुं काकाने?" "कंई नथी थयुं," मी ओरडून सगळ्यांना आपापल्या कामाला पिटाळलं, "जाओ बधा पोतपोताना कामे!"

मग मी त्यांच्याशेजारी पायरीवर टेकले. माझे गुडघे आता असं खाली बसू देत नाहीत, पण बसले. मला काय सुचलं ते सांगते. त्या म्हाताऱ्याला सांगणारं कोणी तरी होतं. ह्यांना सांगायला कोण आहे? ज्याने सांगायचं तो तर वर झोपला होता, सुखाने.

"ऐका," मी म्हटलं. "तो बोलला नव्हता."

"मंगल..."

"बोलला नव्हता म्हणते ना! तुमचं लक्ष होतं. तुमचं लक्ष कधी नसतं? दूध उतू जायच्या आत गॅस बंद करणारा माणूस तुम्ही. बोलला असता तर तुम्ही ऐकलं असतं आणि तिथल्या तिथे उत्तर दिलं असतं. तुमची काही चूक नव्हती."

"तू कुठे होतीस गं तिथे?" ते म्हणाले. नाक गळत होतं, लहान पोरासारखं.

"नव्हते. तरी सांगते. मला माहीत आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी कधी खोटं बोलत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नाही. माझ्या खरं बोलण्यापायी आमचे निम्मे नातेवाईक तुटलेत.

"परत सांग," ते म्हणाले.

मी परत सांगितलं.